ग्रेट अल्पाइन रोड: आई-बाबांना घेऊन मे महिन्यात जावं का?

सायली_मेलबर्न (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

आई-बाबा एप्रिलमध्ये नाशिकहून येताहेत. ग्रेट ओशन रोड, फिलिप आयलंडचे पेंग्विन वगैरे नेहमीची यादी मागच्या खेपेला उरकली. या वेळी बाबांनी स्वतःच नकाशा धुंडाळून वँगरॅटा ते बेर्न्सडेल अशी डोंगरातली वाकडीतिकडी रेघ शोधून काढलीय. ग्रेट अल्पाइन रोड, बी-५००, साधारण ३०८ किमी. "एवढं तर आपण पुण्याला जाऊन निम्मं परत येतो," हे त्यांचं म्हणणं.

माझे प्रश्न: एका दिवसात होतो का? आईला घाट लागतो, तिचं काय करावं? मेच्या पहिल्या आठवड्यात वर बर्फ असतो का? गाडी साधी सेडान आहे. आणि नवऱ्याचं मत असं की वाटेतल्या ब्राइट गावी राहायचं, वर हॉथमच्या स्की-गावापर्यंत जायचं, फोटो काढायचे, परत फिरायचं. त्याच्या ऑफिसात सगळे म्हणतात, "पुढे काही नाही."

बाबांचे गुडघे कुरकुरतात, पण चालायची हौस दांडगी. चौघेही शाकाहारी. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

फिरस्ता_अण्णा

एका दिवसात होतो की. मेलबर्नहून पहाटे निघा, ह्यूम फ्रीवेने वँगरॅटा पावणेतीन तास, जेवायला हॉथम, संध्याकाळी बेर्न्सडेल. आम्ही केलाय. मागच्या सीटवरची मंडळी ओमिओपर्यंत गाढ झोपली होती म्हणा.

---

वँगरॅटाकर

अण्णा, झोपेत केलेला प्रवास मोजायचा नसतो. :)

सायली, मी इथेच राहतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. नवरोबांना आधी एक गोष्ट सांग: हॉथमहून परत फिरणं म्हणजे नाटकाच्या मध्यंतरात घरी जाणं. या रस्त्याची गंमत एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरण्यात आहे. दोन्हीकडचा मुलूख इतका वेगळा आहे की मध्ये राज्याची सीमा लागून गेली की काय असं वाटतं. दोन रात्री काढा. एक ब्राइटला, एक हॉथमपलीकडच्या ओमिओ किंवा डिनर प्लेनला. तिसऱ्या दिवशी खाली उतरा आणि प्रिन्सेस हायवेने घरी. बेर्न्सडेल ते मेलबर्न २८० किमीच्या आसपास आहे, तेही धरून चाला.

आता टप्प्याटप्प्याने.

वँगरॅटा ते ब्राइट हा ओव्हन्स नदीच्या खोऱ्यातला सपाट रस्ता, आईंना काही त्रास नाही. मर्टलफर्डच्या अलीकडे-पलीकडे शेतात पत्र्याची उंच, बिनखिडक्यांची कोठारं दिसतील. ती तंबाखू वाळवायच्या भट्ट्या. इटलीहून आलेल्या कुटुंबांनी इथे तंबाखूची शेती नावारूपाला आणली आणि २००६ मध्ये ती कायमची बंद झाली. कोठारं तेवढी उभी आहेत. पुढे उंच खांब आणि तारांची शेतं लागतात, ती हॉप्सची, म्हणजे बिअरमध्ये घालतात ते. काढणी मार्चमध्ये होते, तुम्ही याल तेव्हा नुसते खांब असतील.

ब्राइट मेच्या सुरुवातीला अगदी रंगात असतं. ओक, एल्म, पॉप्लर, सगळी युरोपातून आणून लावलेली झाडं पिवळी-तांबडी होतात. त्यामुळेच तिथे ऑटम फेस्टिव्हल असतो आणि त्यामुळेच गर्दीही. राहायचं आत्ताच बुक कर, आठवडाभर आधी शोधशील तर कोंबडीच्या खुराड्याचेही दुप्पट पैसे मागतील.

खरा घाट हॅरिएटव्हिलला सुरू होतो. गाव जेमतेम पाचशे मीटरवर, आणि तिथून तीस किमीत हॉथम. म्हणजे तेराशे मीटरची चढण. सुरुवातीलाच 'द मेग' नावाचं एक कडक वळण आहे, तिथे घाई नको. दाट जंगलातून वर वर जात सेंट बर्नार्डपाशी रस्ता धारेवर येतो. इथे पूर्वी घोडागाड्यांच्या प्रवाशांसाठी एक धर्मशाळेवजा घर होतं, १९३९ च्या वणव्यात ते जळालं. त्यानंतरचे दहा-बारा किमी म्हणजे सगळा खजिना. दोन्ही बाजूंना दरी, डावीकडे फेदरटॉप, १,९२२ मीटर, व्हिक्टोरियातला दुसऱ्या क्रमांकाचा डोंगर. आईंना पुढच्या सीटवर बसवा, खिडकी बोटभर उघडी, तोंडात आलेपाक. मागे कार येत असेल तर बाजूला थांबून तिला जाऊ द्या. मागून कोणी ढकलत असलं की चालवणारा घाई करतो आणि शेजारच्याच्या पोटात ढवळतं.

हॉथमला एक उलटी गोष्ट बघा. बहुतेक स्की-गावं डोंगराच्या पायथ्याशी असतात, हे शेंड्यावर आहे, १,७५० मीटरवर. मंडळी घरातून निघून खाली घसरत जातात आणि पाळण्यात बसून वर येतात. पण मेमध्ये गाव जवळपास बंद असतं. चहासुद्धा मिळेलच असं नाही, डबा आणि थर्मास सोबत हवा.

बर्फाचं सांगायचं तर हंगाम अधिकृतपणे जूनच्या किंग्ज बर्थडे वीकेंडला सुरू होतो, चाकांना लावायच्या साखळ्या सोबत ठेवायची सक्ती तेव्हापासून. मेमध्ये सहसा रस्ता मोकळा, पण एखादा दिवस अचानक पांढरा होतो. निघायच्या सकाळी रस्त्याची स्थिती ऑनलाइन पाहा. वाईट असेल तर ब्राइटला आणखी एक चहा प्या.

---

कोकणकडा

राग मानू नका, पण मी दोनदा जाऊन आलो आणि प्रत्येक वेळी वाटलं की एवढं काय? गोलगोल टेकड्या. ना कडा, ना सुळका, ना पाण्याचे धबधबे. आमच्या वरंध्यातून पावसाळ्यात एकदा जा म्हणावं. "अल्पाइन" ऐकून आल्प्स डोळ्यांपुढे येतात आणि मग हिरमोड होतो.

---

वँगरॅटाकर

कोकणकडा, तुमच्या आयडीला शोभणारा प्रतिसाद. :) हे डोंगर फार म्हातारे आहेत, झिजून झिजून गोल झालेत. सह्याद्रीसारखे लाव्ह्याच्या थरांचे कडे इथे मिळायचे नाहीत. पण उंची पाहा: हा रस्ता अठराशे मीटरच्या वर जातो, वर्षभर चालू असणारा इतका उंच डांबरी रस्ता ऑस्ट्रेलियात दुसरा नाही. कळसूबाई १,६४६. म्हणजे शिखरावरच्या देवळापेक्षाही दीडशे-दोनशे मीटर वर तुम्ही सेडानमध्ये बसून असता.

---

रानवेडी

"गोलगोल टेकड्या" वाचून राहवलं नाही. त्या टेकड्यांवर काय उभं आहे ते कोणी बघतच नाही.

हॅरिएटव्हिलहून वर चढताना एका उंचीनंतर सरळसोट, उंच निलगिरी लागतात. ते अल्पाइन अॅश. यांच्यात आणि बाकीच्या बहुतेक निलगिरींत मोठा फरक म्हणजे कडक आगीत हे मरतात, खोडातून पुन्हा फुटत नाहीत. बी पडून नवी रोपं येतात, आणि त्या रोपांना स्वतःचं बी धरायला वीसएक वर्षं लागतात. आता गणित करा. इथे २००३ ला प्रचंड वणवा, मग २००६-०७, मग २०१३ ला हॅरिएटव्हिलचा. काही उतारांवर दहा वर्षांत तीनदा आग गेली. पोरवयातली झाडं बी धरण्याआधीच जळाली, जंगल परत येईना. शेवटी हेलिकॉप्टरमधून बी टाकावं लागलं. रस्त्यावरून जे राखाडी खांबांचं रान दिसतं ते हे. खाली तुकड्यातुकड्याने पोपटी रोपं दिसतील, काही ठिकाणी नुसतं झुडूप.

आणखी वर स्नो गम, हीही निलगिरीच. ती जळली तरी बुंध्यातून फुटतात, म्हणून वर पांढरे सांगाडे आणि पायाशी हिरवा घोस असं दिसतं. ओल्या दिवशी धडधाकट स्नो गमच्या खोडाला जवळून बघा: हिरवट, तांबूस, करडे पट्टे, हात लावला तर गार आणि गुळगुळीत. आता तिलाही खोड पोखरणाऱ्या भुंग्यांनी ग्रासलंय.

आणि हॉथमच्या आसपास रस्त्याच्या खाली एक बोगदा आहे, माणसांसाठी नाही. माउंटन पिग्मी पॉसम नावाचा उंदराएवढा प्राणी, वजन पन्नास ग्रॅमच्या आत. १८९० च्या दशकात याची हाडं गुहेत सापडली, सगळ्यांनी नामशेष समजून फाइल बंद केली. १९६६ मध्ये हॉथमच्याच एका स्की-लॉजमध्ये जिवंत सापडला! माद्या वरच्या दगडांच्या राशीत राहतात, नर खालच्या उतारावर, आणि बर्फ वितळला की नर वर येतात. मध्ये रस्ता आणि स्कीची गावठाणं आली, नरांना वर पोचता येईना, विणीचं सगळं चक्र बिघडलं. म्हणून १९८० च्या दशकात दगडगोटे रचून एक वाट केली आणि रस्त्याखालून बोगदा काढला. लोक त्याला 'टनेल ऑफ लव्ह' म्हणतात. नर आले, संख्याही सावरली. वरून काही दिसत नाही, तुम्ही त्यावरून गेलात तरी कळणार नाही. मला मात्र अख्ख्या रस्त्यावरची ही सगळ्यात भारी जागा वाटते.

यांचं मुख्य खाणं बोगाँग पतंग. क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्सच्या मैदानांतून हजार किमी उडून हे पतंग उन्हाळा काढायला या खडकांच्या फटीत येतात. इथले मूळ रहिवासीही हे पतंग खायला डोंगरावर जमत. बकनजवळच्या क्लॉग्ज गुहेत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा वाटायचा दगड मिळाला, त्यावर या पतंगांचे अंश निघाले. २०१७ च्या दुष्काळानंतर पतंग भयंकर कमी झाले आणि पॉसमच्या माद्यांच्या पिशवीतली पिल्लं मेली.

---

कॅनबेराकर

रानवेडी, सुंदर.

पण आमच्या बाजूच्या, न्यू साउथ वेल्समधल्या 'अल्पाइन वे' या रस्त्यालाही न्याय द्या. जिंडाबाइन, थ्रेडबो, डेड हॉर्स गॅप, टॉम ग्रॉगिन, खँकोबन. डेड हॉर्स गॅपनंतरची उतरण मरे नदीच्या उगमाकडच्या रानातून जाते, गाड्या तुरळक. हा रस्ता मुळात पर्यटकांसाठी नव्हताच. १९४९ ते १९७४ मध्ये झालेल्या स्नोई माउंटन्स जलविद्युत प्रकल्पासाठी काढलेला कामचलाऊ रस्ता, त्या प्रकल्पावर एक लाखाहून अधिक लोकांनी काम केलं, निम्म्याहून जास्त बाहेरच्या देशांतून आलेले.

त्या कामचलाऊपणाची किंमत थ्रेडबो या स्की-गावाने मोजली. ३० जुलै १९९७, रात्री साडेअकराच्या सुमारास रस्त्याच्या भरावाची दरड सुटली आणि दोन लॉज गाडले गेले. अठरा जण गेले. स्टुअर्ट डायव्हर हा एकटा ढिगाऱ्याखालून जवळजवळ तीन दिवसांनी जिवंत निघाला. चौकशीत आलं ते असं: भराव मुळातच कच्चा, आणि त्यात गळक्या पाइपाचं पाणी मुरत गेलं. दरडी आपल्याला नव्या नाहीत, पण कारण वाचताना मला माळशेजपेक्षा पालिकेच्या फुटक्या पाइपलाइनी आठवल्या.

---

सायली_मेलबर्न

बापरे, एवढं सगळं! नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. मध्यंतरावर हसला, दोन रात्रींना तयार झाला.

अजून विचारते: बाबांना चालायला कुठे नेऊ? रेझरबॅकचं नाव खूप ऐकलंय.

---

वँगरॅटाकर

रेझरबॅक म्हणजे धारेवरून फेदरटॉपला जाणारी वाट, जाऊन-येऊन बावीस किमी. पूर्ण नको. पण डायमंटिना हटपाशी गाडी लावून त्या वाटेवर अर्धा तास गेलात तरी पुरे, सगळं तिथून दिसतं. वारा असेल तर अजिबात नको. तिथल्या जवळच्या एका डोंगराचं नावच माउंट ब्लोहार्ड आहे, उगाच नाही.

ब्राइटला असाल तेव्हा जुन्या रेल्वेची वाट आहे, गाडी १९८३ ला बंद झाली आणि रुळांच्या जागी सायकल-ट्रेल झाला. सपाट, डांबरी, गुडघ्यांना त्रास नाही. नदीकाठून पोरपंकापर्यंत जा.

---

दोनचाकी

मोटरसायकलवाल्याचे दोन शब्द. मेमध्ये साडेपाचला अंधार पडतो. चारनंतर गाडी हळू, पाचनंतर शक्यतो पोचलेले असा. कांगारू दिसतो तरी, वॉम्बॅट दिसतही नाही आणि धडकलात तर तो म्हणजे रस्त्यात ठेवलेला पाटा-वरवंटा. समोर आला तर सरळ रेषेत ब्रेक मारा, चाक वळवू नका. इथे वळवायला जागा नसते, दरी असते.

सकाळी सावलीतल्या वळणांवर ब्लॅक आइस, म्हणजे न दिसणारा बर्फाचा पातळ थर. रस्ता नुसता ओला वाटतो आणि चाक सुटतं. नऊ-साडेनऊच्या आधी हॅरिएटव्हिल सोडू नका. उतारावर ब्रेक दाबून बसायचं नाही, गिअर खाली आणा, ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड. जळक्या ब्रेकचा वास आला की समजा, चुकतंय.

पेट्रोल ब्राइटला भरून घ्या. मोबाइलला डिनर प्लेन ते ओमिओ मध्ये आणि पुढे टांबो नदीच्या खोऱ्यात बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, नकाशा उतरवून ठेवा.

आणि हो, मोठं शिंगाळ जनावर दिसलं तर ते सांबर. आपलंच सांबर! १८६० च्या दशकात गोऱ्यांनी शिकारीसाठी भारत-श्रीलंकेकडून आणून सोडलं. आता या डोंगरांत इतकं माजलंय की दलदली तुडवून टाकतं.

---

सायली_मेलबर्न

मंडळी, कालच परत आलो, ताजं ताजं लिहिते.

आलेपाकाने काम केलं. आईला मेगच्या वळणावर थोडं गरगरलं, सेंट बर्नार्डच्या आधी थांबलो, पाणी प्यायली, पुढे ठणठणीत. वर पोचलो तर वारा असा की बाबांची टोपी उडून अडकली, तीही रस्त्याकडेच्या नारिंगी काठीवर. या काठ्या कशासाठी ते बाबांनी ओळखलं: बर्फात रस्ता बुजला की बर्फ हटवणाऱ्या गाडीवाल्याला रस्त्याची कड कुठे आहे ते कळावं म्हणून. काठ्या त्यांच्या डोक्याच्या वर जात होत्या. तेवढा बर्फ पडतो हे आईला पटेना.

रानवेडी, बोगद्याची जागा नक्की सापडली नाही, पण दगडांची ती रास दिसली. बाबा गाडीतून उतरून खाली वाकून बघत होते. येणारे-जाणारे गाड्या हळू करून आमच्याकडे बघत होते.

नवऱ्याच्या ऑफिसातल्यांसाठी: "पुढे" भरपूर आहे. डिनर प्लेननंतर झाडं विरळ झाली, मग एकदम पिवळं, मोकळं माळरान, गाई, तारांची कुंपणं. थेट देशावर उतरल्यासारखं वाटलं. ओमिओला ओरिएंटल क्लेम्स पाहिले. सोन्यासाठी पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने अख्खे डोंगर धुऊन काढलेत, तीस मीटरपर्यंत उभे मातीचे कडे उरलेत. (कोकणकडा, तुमचे कडे सापडले!) चिनी खाणकामगार इथे होते, अलीकडच्या खोऱ्यातही. बकलंडमध्ये ४ जुलै १८५७ ला त्यांना मारझोड करून हाकलून दिलं होतं, ते मी परत आल्यावर वाचलं. ब्राइटच्या रंगीत पानांखाली फोटो काढताना यातलं काही माहीत नव्हतं.

ओमिओ ते ब्रूथन टांबोकाठची वळणं आईला घाटापेक्षा जास्त लागली, हे नोंदवून ठेवते. चढणीची सगळे चेतावणी देतात, याची कोणी देत नाही. बेर्न्सडेलला सेंट मेरीज चर्चचं रंगवलेलं छत पाहिलं, १९३० च्या दशकात एका इटालियन चित्रकाराने केलेलं. बाबा बाकावर आडवे होऊन बघत होते, कोणी काही बोललं नाही.

---

कोकणकडा

मातीचे कडे मान्य. वरंधा कायम.

---

नवीन_पाहुणा

धागा वर काढतोय. आम्ही जुलैत हॉथमला जायचं म्हणतोय, एसयूव्ही आहे, ऑल-व्हील ड्राइव्ह, डिझेल. साखळ्या लागणार नाहीत ना?

---

दोनचाकी

लागणार. हॉथमला हंगामात सगळ्याच गाड्यांना साखळ्या सोबत ठेवणं सक्तीचं आहे, फोर-व्हील, ऑल-व्हील काहीही असो. थ्रेडबोच्या बाजूला नियम वेगळा आहे, तिथलं ऐकून इथे येऊ नका. भाड्याने घाटाच्या पायथ्याशी मिळतात. घेताना दुकानातच एकदा लावून बघा, बर्फात गुडघ्यावर बसून पहिल्यांदा शिकण्यासारखी ती गोष्ट नाही. फलक सांगेल तिथेच, ठरवलेल्या जागेत थांबून लावायच्या, आणि लावल्यावर ४० च्या आत.

गाडी भाड्याची असेल तर करार वाचा. बऱ्याच कंपन्या हिवाळ्यात बर्फाच्या रेषेच्या वर न्यायला परवानगी देत नाहीत.

साधं डिझेल थंडीत मेणासारखं गोठतं, सकाळी गाडी सुरूच होत नाही. टाकी अर्ध्याच्या खाली ठेवून या आणि वर चढण्याआधी अल्पाइन डिझेल भरा. रात्री हँडब्रेक लावू नका, गोठून बसतो. गाडी गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवा आणि वायपर काचेवरून उचलून उभे करा.